घर विकून आलेली रक्कम ही पुढच्या पंचवीस वर्षांच्या भाड्याची तरतूद आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साठी ओलांडलेली अनेक जोडपी हल्ली राहते घर विकून भाड्याच्या घरात जात आहेत. त्यामागची कारणे बहुधा खरी असतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे घर आणि इमारतीला लिफ्ट नाही, पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे लोंबकळलेली, मुले दुसऱ्या शहरात, आणि गुडघे साथ देईनासे झालेले. अशा निर्णयाला नावे ठेवण्यासाठी हे पत्र नाही. बँकेच्या ठेवी विभागात नोकरी केल्यामुळे आणि निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात लोकांना अर्ज भरून देत असल्यामुळे विक्रीनंतर त्या पैशाचे काय होते हे मला जवळून दिसते, आणि जे दिसते त्याने मला काळजी वाटते. विक्रीचा दस्त नोंदवला जातो, आयुष्यात कधी पाहिली नव्हती एवढी रक्कम एका दिवसात खात्यावर जमा होते, आणि घरातले सगळेजण तिच्याकडे हाती आलेली मोकळी शिल्लक म्हणून पाहू लागतात. वास्तविक त्या रकमेतला फार मोठा भाग हा दोन माणसांच्या उरलेल्या आयुष्याचे घरभाडे असतो, आणि तो आधी वेगळा काढून ठेवला नाही तर पुढे दहा-बारा वर्षांनी, हातपाय आणखी थकलेले असताना, भाडे परवडत नाही म्हणून घर सोडण्याची वेळ येऊ शकते.

माझे म्हणणे आकड्यांतून अधिक स्पष्ट होईल. डोंबिवलीतील एका जोडप्याचे उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे, पत्नी त्रेसष्ट. १९९६ साली घेतलेले दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे घर त्यांनी २०२५ मध्ये नव्वद लाखांना विकले आणि मुलीच्या जवळ राहता यावे म्हणून पुण्यात दरमहा २४,००० रुपये भाड्याने लिफ्ट असलेले घर घेतले. वर्षाचे भाडे झाले २ लाख ८८ हजार. कर, दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि नव्या घराचे डिपॉझिट वजा जाता त्यांच्या हाती सुमारे ८२ लाख उरले. त्या आकड्याकडे पाहून ‘आता चिंता मिटली’ असे दोघांनाही वाटले, आणि पहिल्या वर्षाचा हिशेब पाहिला तर तसे वाटणे स्वाभाविकही होते.

आता भाड्याची वाढ धरू. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दरवर्षी पाच ते दहा टक्के वाढ लिहिलेली असते. आपण मधले सात टक्के घेऊ. या वेगाने आजचे २४,००० दहा वर्षांनी ४७,००० च्या वर जातात, पंधरा वर्षांनी ६६,००० होतात आणि वीस वर्षांनी ९३,००० च्या घरात पोहोचतात. पत्नीचे वय अठ्ठ्याऐंशी होईपर्यंतचा विचार केला तर पंचवीस वर्षांची सोय करावी लागते. (हिशेब नेहमी दोघांतल्या लहान वयाच्या व्यक्तीचा करावा. आपल्याकडे ती बहुधा पत्नी असते, आणि पतीच्या वयाने केलेला हिशेब नेमका तिच्या उतारवयात संपतो.) कर भरून हाती येणारे व्याज आणि भाड्यातली वाढ हे दोन्ही दर जवळपास सारखे असले, आणि सुरक्षित ठेवींच्या बाबतीत ते तसेच असतात, तर गणित फार सोपे होते. व्याज आणि वाढ एकमेकांना फेडून टाकतात आणि लागणारी रक्कम म्हणजे आजचे वार्षिक भाडे गुणिले वर्षे. २ लाख ८८ हजार गुणिले पंचवीस म्हणजे ७२ लाख. याचा अर्थ त्या जोडप्याच्या ८२ लाखांपैकी ७२ लाख हे छपराचे पैसे आहेत, आणि ज्याला मोकळेपणाने बचत म्हणता येईल असे फक्त दहा लाख. जुन्या घराची देखभाल वर्गणी आणि मालमत्ता कर आता वाचतो हे खरे आहे. तो वजा केला तर चित्र थोडे सौम्य होते, पण बदलत नाही.

हा गुणाकार घर विकण्याआधी कागदावर मांडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण तो मांडला की काही वेळा विक्रीच करू नये असे उत्तर येते. आपले घर भाड्याने देऊन त्याच पैशात दुसरीकडे भाड्याने राहणे हा पर्याय लोक फार लवकर बाजूला सारतात. महानगरांतल्या घरांचे वार्षिक भाडे त्यांच्या किमतीच्या दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असते, आणि बँकेचे व्याज त्याच्या दुप्पट दिसते, म्हणून घर विकणे फायद्याचे वाटते. पण बँकेची मुद्दल वाढत नाही, तर घराचे भाडे वाढते. डोंबिवलीच्या घराला दरमहा १७-१८ हजार आले असते तर पुण्याच्या भाड्यातला फरक सहा-सात हजारांचाच राहिला असता आणि दोन्ही बाजूंची भाडी साधारण बरोबरीने वाढली असती. त्या उत्पन्नावर करासाठी तीस टक्के सरसकट वजावटही मिळते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या पुढाकाराने आलेली, घर न सोडता त्यावर दरमहा रक्कम मिळवण्याची उलट तारण कर्ज योजना २००७ पासून अस्तित्वात आहे. ती आपल्याकडे फारशी रुजली नाही, तरी ज्यांना जागा बदलायची नाही त्यांनी बँकेत चौकशी जरूर करावी. घर लांब असेल, भाडेकरू सांभाळण्याची शक्ती नसेल किंवा इमारतच मोडकळीला आली असेल तर मात्र विक्रीच योग्य, आणि आमच्या जोडप्याच्या बाबतीत तसेच होते.

विक्री ठरली की पहिला प्रश्न कराचा. इथे ऐकीव माहितीवर चालणाऱ्यांचे मोठे नुकसान होते. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे असलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दराने कर लागतो आणि महागाई निर्देशांकाचा फायदा, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सवलत, मिळत नाही. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, कर काढून दोहोंतला कमी कर भरण्याची मुभा आहे. म्हणून हिशेब दोन्ही पद्धतींनी करून घ्यावा. एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे वाजवी बाजारमूल्य धरता येते, पण ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून त्याचा दाखला घ्यावा.

आमच्या उदाहरणात ते मूल्य सहा लाख निघाले. नव्या पद्धतीने नफा ८४ लाख आणि कर साडेदहा लाख. जुन्या पद्धतीने, २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरून, वाढीव खरेदी किंमत २२ लाख ५६ हजार होते आणि कर साडेतेरा लाखांच्या जवळ जातो. म्हणजे नवी पद्धत बरी. पण साडेदहा लाखांवर प्रकरण थांबत नाही. एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेल्याने दहा टक्के अधिभार आणि त्यावर चार टक्के उपकर लागून आकडा बारा लाखांच्या थोडा वर जातो. आणखी एक गैरसमज मी वारंवार ऐकतो, तो म्हणजे बारा लाखांपर्यंत कर नाही हा. ती सूट घराच्या नफ्यावरच्या या कराला लागू होत नाही.

हा कर कमी करण्याचा मार्ग, दुसरे घर घ्यायचे नसेल तर, सरकारी वित्तसंस्थांच्या बाँडचा आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी बँकांत आणि सीएंच्या कार्यालयात त्यांना अजून ‘५४ ईसीचे बाँड’ असेच म्हणतात. घर हस्तांतरित झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसीसारख्या संस्थांच्या या बाँडमध्ये जास्तीत जास्त पन्नास लाख गुंतवले तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही. पाच वर्षे पैसे अडकतात आणि व्याज फक्त ५.२५ टक्के, तेही करपात्र. ‘एवढ्या कमी व्याजावर कोण ठेवणार?’ असे त्या गृहस्थांचे स्नेही त्यांना सांगत होते. पण हिशेब पाहा. बाँड घेतले तर नफा ३४ लाखांवर येतो, अधिभार टळतो आणि कर उपकरासह ४ लाख ४२ हजार होतो. वाचतात साडेसात लाखांहून अधिक. बाँड न घेता तो कर भरला असता तर पन्नासांतले ४२ लाख ४१ हजार उरले असते, आणि ते सगळेच्या सगळे ८.२ टक्क्यांनी गुंतवले असे मानले तरी पाच वर्षांत बाँडपेक्षा जास्त मिळाले असते ते सुमारे सव्वाचार लाख. वाचलेला कर त्याहून पुष्कळ मोठा आहे. सहा महिन्यांची मुदत मात्र एका दिवसानेही चुकता कामा नये. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.

घराची किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून घेतो. तो आपल्या पॅनवर जमा झालेला दिसतो का, हे तपासावे. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे कराची रक्कम विवरणपत्र भरेपर्यंत खात्यातच पडून राहते आणि आपलीच वाटू लागते. ती पहिल्याच आठवड्यात वेगळ्या मुदत ठेवीत टाकावी.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. विक्रीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत एवढी मोठी रक्कम एकाच बँकेत, बहुधा जवळच्याच शाखेत, पडून असते. आपल्या देशात ठेवींना विमा आहे तो एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपुरता. फेब्रुवारी २०२० पूर्वी तर तो एकच लाख होता. बँकेच्या सर्व शाखांतल्या एकाच नावावरच्या ठेवी मिळून ही मर्यादा मोजतात. पतसंस्थांतल्या ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळते आणि व्यवस्थापक ओळखीचे आहेत, एवढ्या आधारावर आयुष्यभराचे घर एका लहान सहकारी बँकेत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. सहकारी बँकांविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांनी महाराष्ट्रात लाखो कुटुंबांना उभे केले आहे. पण पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि शेवटी २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लागले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना तर पहिले काही दिवस काहीच काढता आले नाही. पुढे त्या बँकेचे सारस्वत बँकेत विलीनीकरण झाले. ज्याला दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाला भाडे द्यायचे आहे, त्याला शेवटी पैसे मिळतील या आश्वासनाचा उपयोग नसतो. त्याला ते त्याच महिन्यात हवे असतात.

म्हणून बाँड, पोस्ट आणि मोठ्या सरकारी बँका यांच्या बाहेर एका ठिकाणी पाच लाखांपेक्षा जास्त ठेवू नये असे मी प्रत्येकाला सांगतो. पोस्टातल्या बचतीला सरकारची हमी असते. साठ वर्षांवरील व्यक्तीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, पती-पत्नी दोघांनाही स्वतंत्रपणे. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, पण आपण खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेची मर्यादा एकट्याला नऊ लाख आणि संयुक्त खात्याला पंधरा लाख आहे.

त्या जोडप्याने शेवटी केलेली मांडणी अशी: पन्नास लाख बाँडमध्ये, वीस लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, सहा लाख दोन बँकांतल्या मुदत ठेवींत आजारपण आणि अडचणीसाठी, आणि सहा लाख म्युच्युअल फंडात, तेही एकदम न टाकता दरमहा थोडे थोडे. इथे एक बारकावा आहे. भाडे दर महिन्याला द्यायचे असते, ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज तीन महिन्यांनी येते आणि बाँडचे वर्षातून एकदा. वीस लाखांवर तिमाहीला ४१,००० मिळतात, तर तिमाहीचे भाडे ७२,००० होते. मधले ३१,००० दर वेळी कुठून तरी आणावे लागतात. म्हणून भाड्यासाठी त्यांनी एक वेगळे बचत खाते काढले, त्यात पहिल्या वर्षाचे पूर्ण भाडे आधीच भरून ठेवले, सगळी व्याजे त्याच खात्यात येतील अशी सूचना दिली आणि घरमालकाला दरमहा आपोआप भाडे जाईल अशी सोय केली. किराणा, औषधे, नातवंडांचे वाढदिवस यांचा त्या खात्याशी काहीही संबंध नाही. त्यांच्या पत्नीने पासबुकाच्या कव्हरवर ठळक अक्षरांत ‘घरभाडे’ असे लिहिले आहे. माझ्या मते सगळ्या गुंतवणूक सल्ल्यांपेक्षा ते एक पासबुक अधिक उपयोगी आहे.

या मांडणीतल्या बाँड आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतून पहिल्या वर्षी व्याज येते ४ लाख २६ हजार आणि भाडे जाते २ लाख ८८ हजार, म्हणजे जवळपास एक लाख ३८ हजार उरल्यासारखे दिसतात. नेमके इथेच घरचे लोक फसतात. भाडे सात टक्क्यांनी वाढत गेले की सातव्या वर्षी ते या व्याजाच्या पुढे जाते. पाच वर्षांनी बाँड सुटल्यावर ती रक्कम अधिक व्याजाच्या योजनेत घालता येईल, पण त्याने ही वेळ काही वर्षे पुढे जाईल एवढेच. सुरुवातीची ही उरलेली रक्कम पुढच्या वर्षांच्या भाड्याची आहे आणि ती खर्च न करता पुन्हा गुंतवलीच पाहिजे. दहा वर्षांनंतर लागणाऱ्या पैशांपैकी काही भाग शेअर बाजाराशी निगडित साध्या इंडेक्स फंडात असावा असे माझे मत आहे, कारण फक्त ठेवींच्या व्याजावर वीस-पंचवीस वर्षांची भाडेवाढ पेलणे कठीण आहे. पण पुढच्या पाच वर्षांत लागणारा एकही रुपया तिथे नसावा. यापेक्षा अवघड असे काही कुणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा.

आणि सुचवणारे पुष्कळ येतात. खात्यावर मोठी रक्कम जमा झाली की आठवड्याच्या आत बँकेतूनच फोन येतो, शाखेत बोलावून चहा दिला जातो आणि ‘हमी असलेली’ म्हणून एखादी विमा पॉलिसी पुढे केली जाते, जिचा हप्ता पुढची पाच-सात किंवा दहा वर्षे भरावा लागतो. ज्याचे नियमित उत्पन्न थांबले आहे त्याने दरवर्षीच्या हप्त्याची बांधिलकी का घ्यावी? मुदत ठेव समजून अशा पॉलिसीवर सही केलेल्या ज्येष्ठांना माहीत असावे म्हणून सांगतो: पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. फोनवर पोलीस किंवा सीबीआय असल्याचे भासवून ‘डिजिटल अटक’ करणाऱ्यांचे लक्ष्यही अशीच खाती असतात. तसा फोन आला तर तो ठेवून १९३० या क्रमांकावर कळवावे. अशा अटकेची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

मुलांच्या मागणीविषयी बोलणे नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. घर विकले की मुलाच्या नव्या फ्लॅटसाठी, सुनेच्या क्लिनिकसाठी किंवा जावयाच्या धंद्यासाठी वीस-पंचवीस लाखांचा विषय निघतो. मुले वाईट नसतात. त्यांनाही ती रक्कम मोकळीच दिसत असते. अशा वेळी वरचा गुणाकार त्यांच्यासमोर बसून करावा. ‘आमचे पंचवीस वर्षांचे भाडे ७२ लाख आहे, त्यातून तुला दिलेले प्रत्येक २ लाख ८८ हजार म्हणजे आमचे एक वर्ष’ एवढे स्पष्ट सांगितले की बहुतेक मुले समजून घेतात. तरीही द्यायचेच असेल तर मुलाच्या घराच्या करारात सहमालक म्हणून नाव लावावे, किंवा उसनवारीचा लेखी करार करावा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. पण ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी.

भाडेकराराबद्दल थोडेच लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आता ही नोंदणी घरबसल्या आधारच्या अंगठ्याने होते, आणि मुद्रांक शुल्कही एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या आसपास म्हणजे किरकोळ असते. अकरा महिन्यांचाच करार करण्याची आपल्याकडे सवय पडली आहे, पण कायदा त्याहून मोठ्या मुदतीला आडवा येत नाही. ज्येष्ठांनी छत्तीस किंवा शक्य तर साठ महिन्यांचा करार मागावा, वाढीची टक्केवारी आत लिहून घ्यावी आणि घरमालकाने मुदतीआधी घर मागू नये अशी अट असावी. दर अकरा महिन्यांनी घर बदलले तर दलाली आणि टेम्पोचाच खर्च एखाद्या महिन्याच्या भाड्याहून जास्त होतो. आणि करार दोघांच्या नावाने असावा. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहण्याची परवानगी ही व्यक्तीला दिलेली असते. करार एकट्या पतीच्या नावावर असेल आणि त्याचे निधन झाले तर पत्नीला दुःखाच्या दिवसांत घरमालकाशी नव्याने बोलणी करावी लागतात. बँकेच्या खात्यांनाही हेच लागू आहे: ती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशी असावीत, प्रत्येकाला नामनिर्देशन असावे, आणि नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसून विश्वस्त असते हे लक्षात घेऊन मृत्युपत्रही करावे.

हे सगळे लोकांनी स्वतः करायचे आहे. पण एक गोष्ट फक्त सरकार आणि रिझर्व्ह बँकच करू शकतात, आणि मुख्यतः तिच्यासाठी मी आपल्याकडे लिहीत आहे. घर विकणाऱ्याला पुढची सोय लावायला कायद्यानेच सहा महिन्यांचा काळ दिला आहे. त्या काळात त्याचे सारे आयुष्य बँकेच्या खात्यात असते आणि विम्याचे संरक्षण मात्र पाच लाखांपुरतेच असते. ब्रिटनमध्ये राहते घर विकून आलेल्या रकमेला सहा महिन्यांपर्यंत नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट जास्त ठेव-संरक्षण दिले जाते. तशी तरतूद आपल्याकडे करणे अवघड नाही. नोंदणीकृत दस्त, त्यावरची तारीख आणि खरेदीदाराच्या बँकेतून आलेली रक्कम हे तिन्ही पुरावे बँकेकडे असतातच. ठेव विमा महामंडळाने राहत्या घराच्या विक्रीच्या रकमेपुरती, सहा महिन्यांच्या मुदतीची, वाढीव मर्यादा ठरवावी, आणि त्याच सहा महिन्यांत साठ वर्षांवरील खातेदाराला बँकेने विमा पॉलिसी विकू नये असा नियम करावा. आपल्या वृत्तपत्राने या दोन मागण्या अर्थ मंत्रालयापर्यंत लावून धराव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
कोथरूड, पुणे